मधे पडणारं माणूस

खेड सोडून मुंबई-गोवा महामार्गाने चिपळूणकडे निघालं, की परशुराम घाट लागण्याआधी हवेचा वास बदलतो. लोटे आलं असं समजावं. लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीबद्दल आजवर जे छापून आलं ते बहुतेक सांडपाण्याबद्दल, दाभोळच्या खाडीत मेलेल्या माशांबद्दल, नाहीतर कारखान्यातल्या स्फोटांबद्दल. ते यायलाच हवं होतं. पण वसाहतीच्या भोवती, घाणेखुंट, आवाशी, असगणी, लवेल या बाजूला ज्या भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, त्यांच्या दाराआड डोकावण्याची वेळ क्वचितच कुणावर आली. ही पुस्तिका त्या दारात ज्यांचं जाणं-येणं आहे त्यांच्यासाठी आहे: आशाताई, अंगणवाडी सेविका, प्राथमिक शाळेतले शिक्षक, ओपीडीत बसणारे डॉक्टर. विषय एकच, मुलांना होणारी मारहाण आणि ती कोणत्या घरात होण्याचा धोका जास्त असतो हा प्रश्न. याचं उत्तर प्रत्येकाच्या ओठांवर तयार असतं. बाप दारू पितो, आई सावत्र आहे, माणसं अडाणी आहेत, परप्रांतातली आहेत, हातातोंडाची गाठ पडत नाही. या यादीत तथ्य नाही असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं इतकंच, की ती माणसं ओळखायला वापरली तर फसवते आणि वेळ ओळखायला वापरली तर कामी येते. चार-पाच गोष्टी एका घरात एका घटकेला जुळून आल्या की हात उठतो, आणि त्या घटकेला मधे पडायला कुणी नसलं की तो हाड मोडेपर्यंत जातो. पुढची सगळी पानं या एका विधानावर उभी आहेत, म्हणून त्याचा पुरावा आणि त्यावरचे आक्षेप इथेच मांडून टाकतो.

आधी प्रश्नाचा आवाका. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये मुलांवरच्या अत्याचारांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्र आणि गोवा धरून १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो झाला होता. दर तीन मुलांतल्या दोघांनी मार खाल्ल्याचं सांगितलं, आणि घरात मार खाणाऱ्यांपैकी जवळजवळ ८९ टक्क्यांना मारणारे आईवडीलच होते. शाळेत जाणाऱ्यांतल्या ६५ टक्क्यांनी तिथेही मार खाल्ला होता. हे आकडे ऐकून कुणी हळहळतं, तर कुणी म्हणतं, यात विशेष काय, सगळेच मारतात. मला ही दुसरी प्रतिक्रिया अधिक विचार करण्याजोगी वाटते. तीनांतली दोन मुलं ज्यात सापडतात त्याची कारणं ‘तसल्या’ घरांत शोधून हाती काय लागणार? शोधायचं ते हे, की इतक्या घरांत उठणारा हात काही घरांत थांबत का नाही.

हा प्रश्न डॉक्टरांनाही उशिराच पडला. १९४६ साली जॉन कॅफी या क्ष-किरणतज्ज्ञाने सहा तान्ह्या मुलांच्या डोक्यातला रक्तस्राव आणि त्यांच्याच हातापायांची मोडलेली हाडं यांची एकत्र नोंद केली, पण कारण उघड म्हणणं त्याला जमलं नाही. ते १९६२ साली डेन्व्हरच्या हेन्री केंप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हटलं. ७१ रुग्णालयांकडून त्यांनी माहिती मागवली. एका वर्षात अशी ३०२ मुलं आली होती, त्यांतली ३३ दगावली आणि ८५ जणांच्या मेंदूला कायमची इजा झाली. केंप यांच्या लेखातली एक गोष्ट आजही कोणत्याही दवाखान्यात उपयोगी पडते: सांगितलेली हकिगत आणि दिसणारी जखम यांचा मेळ बसतो का ते पाहावं. चालायला लागलेलं मूल पडतं, त्याचे गुडघे, नडग्या, कपाळ सोलवटतात. जे अजून कुशीवरही वळत नाही, त्याच्या अंगावर काळानिळा डाग कसा येतो? कानाची पाळी, मान, पोट, पाठ हे भाग पडताना सहसा आपटत नाहीत. चार महिन्यांच्या आतल्या बाळाला कुठेही वळ दिसला तर ‘पाळण्यातून पडलं’ हे उत्तर लिहून घ्यावं, पण तिथे थांबू नये. (कमरेवर जन्मापासून असणारा निळसर डाग वेगळा. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांना तो असतो, आणि त्यावरून कुणाला धारेवर धरू नये.)

आता कारणांकडे वळू. सँड्रा स्टिथ आणि सहकाऱ्यांनी २००९ साली १५५ अभ्यास एकत्र करून धोक्याचे ३९ घटक तपासले. मारहाणीशी सर्वांत घट्ट संबंध निघाला तो पालकाच्या चटकन भडकणाऱ्या रागाचा, घरातल्या भांडणांचा आणि घरातली माणसं एकमेकांना धरून नसण्याचा. घराची ऐपत, पालकाचं वय यांचाही संबंध दिसला, पण यांच्या मानाने फिका. आपल्या ओठांवरच्या यादीतल्या काही ठळक ओळी इथे अशा खाली सरकतात. वर येतात त्या दारावर पाटी लावून दिसण्यासारख्या नाहीत. राग, भांडण आणि एकटेपण घराच्या आत गेल्याशिवाय कळत नाही.

एक खोली डोळ्यांसमोर आणू. ही अमुक एकाची खोली नाही, पण तिच्यातला कोणताच तपशील वसाहतीच्या आसपास राहणाऱ्याला परका वाटणार नाही. दहा बाय बारा, वर पत्रा, दाराला लागून गॅसची शेगडी. जुलै महिना, दुपारचे दोन. नवरा ठेकेदाराकडे आहे. नाईट करून सकाळी आला, आज पुन्हा नाईट आहे. पत्र्यावर पाऊस तडतडतोय. बाळ सहा आठवड्यांचं आहे आणि तासभर रडतंय. पाजून झालं, लंगोट बदलून झाला, ओव्याची पुरचुंडी शेकून झाली. तीन वर्षांच्या थोरल्याने आत्ताच डाळीचा डबा पालथा केला. बाई दुसऱ्या जिल्ह्यातली, कदाचित दुसऱ्या राज्यातली. शेजारणीशी तिचं बोलणं ‘पाणी आलं का’ याच्या पुढे गेलेलं नाही. मूल घेऊन जरा बाजूला जावं तर ओटी नाही, पडवी नाही, बाहेर पाऊस. नवरा एकदा ओरडतो. दुसऱ्यांदा ओरडतो तो तिच्यावर. तिसऱ्यांदा उठतो. या खोलीत दारूचा थेंब नाही, सावत्र कुणी नाही, आणि दोघंही एरवी पोरांवर जीव टाकतात. तान्ह्या मुलाचं रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त असतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उतरतं. बाळाला गदगदा हलवल्यामुळे होणाऱ्या मेंदूच्या इजा याच चढणीच्या मागोमाग वाढताना आढळल्या आहेत. हलवायला काही सेकंद पुरतात, आणि अंगावर पुष्कळदा खूणही राहत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो जोरदार आहे: हे तर गरिबीचंच वर्णन झालं. दुसरी खोली असती, कायमची नोकरी असती, तर यातलं काहीच घडलं नसतं. हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. अमेरिकेतल्या ३८ बालरुग्णालयांत २००० ते २००९ या काळात मारहाणीमुळे दाखल झालेल्या मुलांची संख्या तपासली गेली, तेव्हा तिचा बेकारीच्या दराशी सरळ मेळ बसला नाही. तो बसला घरकर्जाचे हप्ते थकण्याशी आणि घरं जप्त होण्याशी. मुळात थोडं असणं वेगळं आणि पायाखालची जमीन सरकणं वेगळं. माझा तर्क असा, की लोट्यात हा फरक ठेकेदारीत शोधावा लागेल. ज्याला पगार कमी पण पक्का आहे त्याच्यापेक्षा, काही महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळणार हे ठाऊक असलेला माणूस घरात जास्त ताणलेला असू शकतो, मग हातात चार पैसे जास्त का पडेनात. उरलेला अर्धा मला मान्य नाही, आणि त्यासाठी अमेरिकेपर्यंत जायला नको. जून २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यात, आटपाडी तालुक्यातल्या नेलकरंजीत, बारावीतली एक मुलगी घरातल्या मारहाणीनंतर दगावली. वडिलांवर गुन्हा दाखल झाला. ‘नीट’च्या सराव परीक्षेत कमी पडलेले गुण हे निमित्त आणि जात्याचा लाकडी खुंटा हे हत्यार, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. वडील शिक्षकी पेशातले. आपल्या यादीतलं अडाणीपण, परप्रांत, उपासमार यांतलं काय इथे बसतं? संशोधनात मात्र यासाठी एक घटक वर्षानुवर्षं नोंदलेला आहे: मुलाच्या वयाला आणि कुवतीला न झेपणारी अपेक्षा. दोन वर्षांच्या पोराने चड्डीत करू नये इथपासून ती सुरू होते आणि बारावीच्या गुणपत्रिकेपर्यंत पोचते.

कोकणाबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली जवळजवळ १६ लाख ९७ हजार होती. देशाची वाढत असताना २०११ च्या जनगणनेत ती १६ लाख १५ हजारांवर आली. दर हजार पुरुषांमागे इथे ११२२ स्त्रिया होत्या. हा आकडा भाषणांत अभिमानाने सांगितला जातो, पण मुली नकोशा नाहीत एवढाच त्याचा अर्थ लावता येत नाही. त्यात मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांची गैरहजेरी मोजलेली आहे. गावात म्हातारी माणसं, सून आणि मुलं, बाप गणपतीला आणि शिमग्याला. लोट्याने याच जिल्ह्यात उलटा प्रवाह आणला. इथे पुरुष बाहेरून आले, काही बायकामुलांसह, पण त्यांच्या मागचं गाव मागेच राहिलं. वाडीतलं घर आणि चाळीतली खोली यांत सारखेपणा काहीच नाही, फक्त मूल बडवलं जाताना आजूबाजूला कोण आहे हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच पोकळ वाजतो. मराठीत याला नेमका शब्द आहे, मधे पडणं. हात उगारला की स्वयंपाकघरातून ‘अरे पुरे आता, जीव घेतोस काय त्याचा’ म्हणत येणारी काकू मधे पडते. पोराला पदराआड घेऊन म्हातारी मधे पडते. संशोधक याला सामाजिक आधार म्हणतात, आणि मग प्रश्नावलीत त्याचं ‘अडचणीच्या वेळी आपण कोणाशी बोलता’ असं होतं. त्या प्रश्नावलीत पदराची नोंद कुठे करायची हे मला अजून कळलेलं नाही.

लगेच दुसरा आक्षेप: ही एकत्र कुटुंबाची आरती झाली. माणसं वाढली की मारणारे हातही वाढतात. सासूने सुनेला बोलायचं आणि सुनेने तो राग पोराच्या पाठीवर काढायचा, हे भरल्या घरातलंच चित्र आहे. हे खरं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या लग्न झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्क्यांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं, आणि जिथे बाईवर हात उठतो तिथे मुलावर उठण्याचा धोका वाढतो हे देशोदेशी दिसलंय. त्यातल्या कितीतरी घरांत माणसांचा तुटवडा नव्हता. म्हणून मी डोकी मोजत नाही. मधे पडायला माणूस लागतं, तसा मधे पडण्याचा हक्कही लागतो. सासऱ्याने नातवावर काठी उगारली तर सुनेला तो हक्क नसतो. चाळीतल्या शेजारणीला नसतो, कारण ‘आमचं आम्ही बघू’ हे वाक्य दारातच उभं असतं. ज्यांना घरात येण्याचं दुसरं निमित्त आहे, बाळाचं वजन करायचंय, लस द्यायचीय, शिधा पोचवायचाय, त्यांच्याकडे तो हक्क थोडासा का होईना, आपोआप येतो. ही पुस्तिका त्यांच्या हाती का दिली जातेय ते यावरून कळेल.

तिसरा आक्षेप सर्वांत जवळचा: आम्हीही मार खाल्ला, काय बिघडलं? साने गुरुजींचं पालगड खेडला लागून असलेल्या दापोली तालुक्यातलं. ‘श्यामची आई’मधली आई पोहायला जायला घाबरणाऱ्या श्यामला शिंपटीने मारते, आणि तरीही ती महाराष्ट्राची आई झाली. ते पुस्तक मोडीत काढण्याचा माझा विचार नाही. फक्त त्या प्रसंगातून आपण काय उचललं ते पाहावं. पोरगं पोहलं ते विहिरीत त्याला सांभाळणारी माणसं होती म्हणून, आणि आपण लक्षात ठेवली शिंपटी. एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये ७५ अभ्यासांतल्या १ लाख ६० हजारांहून अधिक मुलांची माहिती एकत्र केली. चापटीने मूल सुधारल्याचं दिसलं नाही. आक्रमकपणा आणि मानसिक त्रास मात्र जास्त दिसला. बिघडलं काय, याला हे एक उत्तर झालं. दुसरं कॅनडातलं. तिथे सिद्ध झालेल्या शारीरिक अत्याचारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश प्रकरणांत घटना शिक्षा करतानाच घडलेली होती. अत्याचार करायचा म्हणून कुणी उठत नाही, शिस्त लावायला उठतो. आपला कायदाही इथे अडखळतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेतल्या छडीला बंदी आहे, आणि बालन्याय कायदा २०१५ च्या कलम ७५ खाली मुलाला क्रूरपणे वागवणाऱ्या सांभाळकर्त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी पालकाने सद्हेतूने केलेल्या कृतीला आडोसा देणारं जुन्या दंड संहितेचं कलम ८९ नव्या न्याय संहितेत कलम २७ म्हणून तसंच आलं. स्वीडनने १९७९ मध्ये घरातल्या माराला बंदी घातली. शेजारच्या नेपाळने २०१८ मध्ये.

राहिला तो आक्षेप जो माझ्याच बाजूची माणसं घेतात: धोक्याच्या घटकांचा तक्ता सेविकेच्या हाती दिला, की ती खुणा करत सुटेल आणि एकट्या बाईचं, बिहारी मजुराचं, कातकऱ्याचं घर आधी बदनाम होईल. ही भीती पूर्ण खरी आहे, आणि साध्या हिशोबाने सिद्ध करता येते. समजा हजार घरं आहेत आणि त्यांतल्या वीस घरांत मुलाला गंभीर इजा होण्याचा धोका आहे. समजा आपला तक्ता इतका चांगला आहे, की वीसांतली सोळा पकडतो आणि उरलेल्या ९८० घरांपैकी फक्त दहा टक्क्यांवर चुकीचं बोट ठेवतो. ती ९८ झाली. म्हणजे तक्त्याने दाखवलेल्या ११४ घरांतली ९८ निर्दोष, आणि खरी चार निसटलेली. ज्यांनी लहानपणी मार खाल्ला तेच पुढे मारतात, या समजुतीचंही असंच आहे. जोन कॉफमन आणि एडवर्ड झिगलर यांनी १९८७ साली उपलब्ध अभ्यास चाळून काढलेला अंदाज सुमारे ३० टक्क्यांचा होता. उरलेले ७० टक्के त्या वाटेने जात नाहीत. पुढच्याच वर्षी मिनेसोटातल्या एका अभ्यासात, साखळी तोडलेल्या आयांच्या आयुष्यात वेगळं काय होतं ते पाहिलं गेलं. लहानपणी माया लावणारं एखादं मोठं माणूस, दीर्घकाळचा मानसोपचार, किंवा आता साथ देणारा जोडीदार. तेव्हा तक्ता हवा, पण तो मदत कुठे आधी पोचवायची ते ठरवायला. एक घटक मात्र मी मुद्दाम वर ठेवायला सांगेन. नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात ५० हजारांवर मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अपंगत्व असलेल्या मुलांना अत्याचाराचा किंवा हेळसांडीचा धोका इतरांच्या ३.४ पट निघाला. उशिरा बोलणारं, न ऐकू येणारं, रात्र रात्र न झोपणारं मूल ज्या घरात आहे, त्या घरी जायला आणखी कोणत्याही खुणेची वाट पाहू नये.

घरी जाण्याने खरंच फरक पडतो का? न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मिरा इथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस ४०० गर्भवती घेऊन डेव्हिड ओल्ड्स यांनी हे पाहिलं. ज्यांच्या घरी बाळाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंत परिचारिका जात राहिल्या, त्यांच्याबाबत अत्याचाराच्या आणि हेळसांडीच्या खऱ्या ठरलेल्या तक्रारी पंधरा वर्षांनी इतरांच्या जवळपास निम्म्या होत्या. मात्र ज्या घरांत जोडप्यातली मारहाण फार होती तिथे हा फायदा विरून गेला, हेही त्याच गटाने प्रामाणिकपणे छापलं. घरी जाणं आपल्याला नवीन नाही. गडचिरोलीत ‘सर्च’च्या अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत प्रशिक्षित बायकांच्या गृहभेटींनी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ मध्ये जगापुढे ठेवलं, आणि आजच्या आशाताईच्या भेटी त्याच मुळावरच्या आहेत. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं असतं. पुढची ठरलेली भेट तिसऱ्या महिन्यात. बेचाळिसावा दिवस म्हणजे बरोबर सहा आठवडे. बाळाचं रडणं सर्वांत जास्त असतं त्या सुमाराला भेटी थांबतात आणि ते उतरायला लागल्यावर पुन्हा सुरू होतात. वेळापत्रक जीव वाचवण्यासाठी आखलं होतं, त्यामुळे यात दोष कुणाचा नाही, पण फट आहे. आपल्याकडे ही फट पूर्वी माहेर बुजवायचं. पहिलटकरीण आईकडे जायची, आणि बाळ रडायचं ते आजीच्या मांडीवर. आजही जिचं माहेर पोचण्याजोगं आहे तिचं बरंचसं निभावतं. जिचं माहेर दीड-दोन हजार किलोमीटरवर आहे आणि नाव अजून कोणत्याच आशाताईच्या वहीत आलेलं नाही, तिचा विचार लोट्यात आधी करावा लागेल.

म्हणून या पुस्तिकेचं पहिलं प्रकरण रडण्यावर आहे. कायदा, बालकल्याण समिती, १०९८ हा क्रमांक हे सगळं पुढे येईल. बेचाळिसाव्या दिवशीच्या भेटीत वजन आणि ताप पाहून झाल्यावर दोन मिनिटं जास्त बसावं, आणि नवव्या-दहाव्या आठवड्यात नोंदवहीत रकाना नसला तरी एक फेरी मारावी, इतकीच त्यातली मागणी आहे. सांगायचं तेही थोडकं आहे: पोट भरलेलं, ताप नसलेलं बाळ रडतच राहिलं आणि आपला तोल जातोय असं वाटलं, तर त्याला उताणं निजवून, आजूबाजूचं पांघरूण काढून, दार ओढून पाच मिनिटं बाहेर उभं राहावं. हे बायकोला सांगून भागत नाही, नवऱ्याच्या कानावर पडायला हवं. त्याची नाईट असेल तर भेट दुपारी चारच्या पुढे ठेवावी. तोवर तो उठलेला असतो आणि चहा व्हायचा असतो.